प्लेटांवरच्या कुरडया

कर्जतकडच्या आमच्या गावानं माळावर सोलर उभं केलं आणि ते गावानंच चालवायचं ठरलं, तेव्हा वायरमनचं शिक्षण झालेली गावात मी एकटीच निघाले. त्यामुळे सोलरभोवतीच्या कुंपणाच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे आली. काहींना ते रुचलं नाही. एक चूक झाली की किल्ली काढून घेऊ, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. मला मात्र त्या कामाचं वेड लागलं होतं. पूर्वी शेतीची वीज रात्रीच यायची, म्हणून नवरा अंधारात बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचा. आता दिवसाढवळ्या लिंबोणीच्या बागेला पाणी मिळायचं. पाण्याच्या पाळ्या गावच ठरवायचं, आणि काही बिघडलं तर कुणाची वाट न बघता आम्हीच दुरुस्त करायचो.

चैत्रातल्या एका दुपारी सगळ्यांच्या मोटरी एकदम मलूल झाल्या. आभाळात ढगाचा ठिपका नाही. धावत माळावर गेले, तर फाटक सताड उघडं आणि खालच्या ओळीतल्या सोलर प्लेटांवर धोतरं अंथरून कुरडया घातलेल्या! शेजारी आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पदरानं वारा घेत बसल्या होत्या.

“असं ऊन घरी हाय का? आन् हितं कोंबडी न्हाई, शेरडू न्हाई. लई झ्याक कुंपन केलंय गावानं!”

मला हसू आवरेना. पण एका प्लेटेवर सावली पडली तरी अख्खी ओळ ढेपाळते. सावली पाडणाऱ्याची मोटर एक दिवस बंद, हा नियम मीच करून घेतला होता. गुपचूप धोतरं उचलली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मग उद्या दुसऱ्या कुणाला कोणत्या तोंडानं बोलणार?

संध्याकाळच्या गावबैठकीत मी सगळं सांगून टाकलं. लोक पोट धरून हसले. मग एकानं विषय काढलाच, “आता किल्ली दुसऱ्याकडं द्या.”

 तेवढ्यात मागून आत्या उठल्या. बाईमाणसानं तारांना हात लावू नये, म्हणून लग्नापासून माझ्याशी भांडणाऱ्या आत्या!

“घरातल्या खुंटीवरची किल्ली म्या काढली. ती बोलली नसती तर तुमाला कळलं असतं का? आमची मोटर दोन दिस बंद ठिवा. पन किल्ली तिच्याकडंच ऱ्हाईल.”

मी भर बैठकीत रडले. दोन दिवस आमची लिंबोणी कोरडी राहिली, पण सासरचं घर त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा माझं वाटलं.