ह्यांचा होकार

आमच्या घरात डॉक्टरशी मी बोलते. दुखतं ह्यांचं, सांगते मी. लग्न झाल्यापासून असंच आहे. हे सातपूरच्या कारखान्यात लेथवर होते. दिवसभर मशीनचा आवाज, आणि घरी आले की गप्प. दवाखान्यात स्टुलावर बसायचे, शर्टाची बटणं सोडायचे आणि माझ्याकडे बघायचे. मग मी सांगायची, खोकला आहे, झोप नाही, तंबाखू खातात, नाही म्हणाले तर खोटं. डॉक्टरही मलाच विचारायचे. कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते गेल्या वर्षी. हे स्वतःची लुंगी स्वतः धुवायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात कपबशी विसळली नाही, तो मी उठायच्या आधी मोरीत बसून लुंगी घासतो, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे कळायला चौथीच्या पुढं शिकावं लागत नाही. एकदा घाईत टॉवेल मागं राहिला. त्यावर रक्ताचा डाग होता.

"अहो, हे कुठलं?"

"दाढी करताना लागलं."

गालावर पांढरे खुंट तसेच होते.

मी ह्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं आणि नेहमीसारखी मीच बोलले. लघवीला त्रास आहे, रक्त जातंय. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "जातं का हो?" हे म्हणाले, "नाही नाही, तिला उगाच वाटतं. जरा जळजळ आहे." जळजळीच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. लुंगी धुणं चालूच राहिलं. आत काही वाईट असलं तर दिवस वाया चालले होते, आणि हे तोंड उघडत नव्हते. मारून मुटकून माणसाला दवाखान्यात नेता येतं, बोलतं करता येत नाही.

अशात एका दुपारी तो आला. पस्तिशीचा असेल, पाठीला बॅग, बोलायला मऊ. कुठल्याशा संस्थेचा होता. कामगार वस्तीतल्या वयस्क पुरुषांच्या मुलाखती घेत होता. कशाबद्दल, म्हटलं, तर म्हणाला, "पुरुषांच्या आरोग्याबद्दल काकू. लैंगिक आरोग्याबद्दल." त्यानं तो शब्द उच्चारला आणि हे पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

मला मात्र बरं वाटलं. म्हटलं, हा तरी ह्यांच्याकडून काढून घेईल आणि जाताना मला सांगेल. मी ह्यांचा चष्मा आणला, पेन आणलं आणि त्याला म्हटलं, "सही कुठं करायची ते दाखवा." आमच्याकडे कागद आला की असंच चालतं.

"सही शेवटी, काकू. आधी मी वाचून दाखवतो. काकांना पटलं तरच."

"पटलंय त्यांना. मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितलंय ना."

गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षांनी मोबाइलवर सगळ्यांना कळवलं होतं, आपल्या गल्लीतले सर्व ज्येष्ठ पुरुष मुलाखती देतील. स्वतः मात्र ते त्या आठवड्यात बायकोला घेऊन गावी गेले होते.

"अध्यक्षांनी मला गल्लीत यायला हो म्हटलं," तो म्हणाला. "काकांचं हो ते कसे म्हणतील?"

मग त्यानं सावकाश वाचलं. नाव कुठं लिहिणार नाही. प्रश्न खाजगी असतील. एखाद्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलं तरी चालेल. मधेच थांबता येईल, कारण सांगावं लागणार नाही. नाही म्हटलं म्हणून कुणी रागावणार नाही, कुठली सोय बंद होणार नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "काका, आता तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा."

मी सांगायला लागले, "नाव लिहिणार नाही, आणि नको तिथं..."

"काकू, तुम्हाला चांगलं समजलंय. पण मला काकांकडून ऐकायचंय."

माझ्या घरात मला कुणी असं थांबवलं नव्हतं. सासूनं प्रयत्न केला होता.  आत कुकरची शिट्टी झाली तरी मी उठले नाही. हे हाताची नखं बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे मी बोललो ते मी बोललो, हे कुणाला कळणार नाही."

"नाही कळणार."

"हिलासुद्धा?"

"काकूंनासुद्धा."

"मग हो," हे म्हणाले, आणि चष्मा न लावताच सही केली.

मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. माझ्यादेखत विचारलं. लाज नाही, भीड नाही.

"काकू, आता जरा..." तो म्हणाला.

"कळलं. निघते."

आमचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत बसलं तरी बाहेरच्या खोलीतला श्वास ऐकू येतो. म्हणून मेथीची जुडी घेतली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्यानं आतून खिडकी लावून घेतली. लगेच समोरची आली. ती आमच्या सिन्नरकडचीच, विधवा, आणि तिला लय बघवत नाही एखादी बाई एकटी बसलेली.

"का गं, घराबाहेर काढलं का तुला?"

"काढलं नाय. मी निघाले."

"आत काय चाललंय?"

"मुलाखत."

"कुणाची, तुझ्या नवऱ्याची? तो बोलतोय?" ती माझ्या जुडीतली काडी निवडायला लागली. "आमचा होता तेव्हा 'वाढ' आणि 'लाइट बंद कर', दोनच वाक्यं बोलायचा. काय विचारतात गं?"

"जा की आत, विचार."

"मी बाई माणूस, मला काय विचारायचंय त्यांनी!" असं म्हणत ती उठली आणि कढीपत्ता तोडायला निघाली. आमचा कढीपत्ता खिडकीखाली आहे.

"ये इकडं."

"चार पानं घेते फक्त. फोडणीला."

"ये म्हणते ना. नाहीतर उद्यापासून तुझ्या दारातली रांगोळी झाडून काढीन."

ती हसत परत आली. मला ऐकायचं नव्हतं असं नाही. माझे कान तिच्याआधी खिडकीपाशी गेले होते. पण तिनं ऐकलेलं मला चाललं नसतं, आणि तिला लांब बसवायचं तर मलाही लांब बसणं भाग होतं. मेथी निवडून झाली. मग तिनं तिच्या घरची गवार आणली, ती निवडून झाली. आतून ह्यांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. एवढा वेळ हे माझ्याशी कधी बोलले असतील तर मला आठवत नाही.

दार उघडलं तेव्हा त्याला मी पायरीवरच धरलं. "काय म्हणाले?"

"मी नाही सांगू शकत, काकू."

"माझ्या घरात बसून? रक्त जातंय त्यांचं, हे तरी बोलले का?"

तो चपला घालता घालता थांबला. "त्रास असेल तर कुठं जायचं, कुणाला भेटायचं, हे मी सगळ्यांनाच सांगतो. काकांनाही सांगितलंय. जायचं की नाही हे ते ठरवतील."

"आणि नाही गेले तर?"

"तर मला वाईट वाटेल," तो म्हणाला.

मला त्याच्या वाईट वाटण्याचं काय करायचं होतं? त्या दिवशी त्याला शिव्या देतच मी भाकरी थापल्या. 

पुढचे काही दिवस लुंगी तशीच दोरीवर दिसत राहिली. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा दाढीच कापली असती. मग एका सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले आणि म्हणाले, "सिव्हिलला जायचंय. येतेस?"

तिथं आम्ही रांगेत बसलो. नंबर आला तशी मी पिशवी घेऊन उठले. हे म्हणाले, "तू बाहेर बस."

आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. मी बसले. आत गेले तसं ह्यांनी दार स्वतः लोटून घेतलं.

लघवीच्या पिशवीत गाठ निघाली. दुर्बिणीतून काढली. वाईट जातीची होती, पण वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. आता ठरावीक महिन्यांनी दुर्बीण घालून बघतात. हे आत जातात, मी बाहेर बसते.

घरी आणल्यावर मी एकदा विचारलं, "मी सांगत होते तेव्हा डॉक्टरला खोटं का बोललात?"

"तू होतीस म्हणून." थोड्या वेळानं हे आपणहून म्हणाले, "मला वाटलं होतं ते जुनं काहीतरी उलटलंय. डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

सातपूरला यायच्या आधी, लग्नानंतर काही वर्षं हे सुरतेला कामाला होते, मी मुलांना घेऊन गावी. जुनं म्हणजे तिथलंच असणार. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ह्यांनी सांगितलं असतं, असं त्या दिवशी वाटलं, आणि म्हणूनच नाही विचारलं. ते ऐकून मी या वयात कुठं जाणार होते? गाठ निघाली ते महत्त्वाचं. लुंगी आता परत मीच धुते.

उन्हाळ्यात तो पुन्हा आला. त्यांची दुसरी मुलाखत असते म्हणे. मी त्याला पाणी दिलं, चहा टाकला आणि कुणी सांगायच्या आधीच निवडायला लसूण घेतला. तो कागद काढून म्हणाला, "काका, मागच्या वेळी हो म्हणालात म्हणून आजही हो, असं मी धरत नाही. परत विचारतो."

हे म्हणाले, "आज नको."

माझ्या तोंडाशी आलं होतं, अहो, माणूस एवढ्या उन्हातून आलाय, सही झाली आहे एकदा, असं कसं नको. ह्यांनी आजवर कुणाला नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. साहेबाला नाही, भावाला नाही, मलाही नाही. मी लसणाची पाकळी सोलत राहिले.

"बरं, काका," असं म्हणून त्यानं कागद बॅगेत घातले. चेहरा पडला नाही, का म्हणून विचारलं नाही. चहा पिऊन, कढीपत्ता मागून घेऊन तो गेला.

तो गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत मी धीर धरला. मग म्हटलं, "एवढं चांगलं बोलत होतात त्याच्याशी. आज का नको म्हणालात?"

"कारण सांगावं लागत नाही," हे म्हणाले, आणि रिकामी कपबशी तिथंच ठेवून उठले.