व्हय म्हाराजा

होळीत भाजलेल्या नारळाचा वास आला की मला आमच्या देवळाचं अंगण आठवतं. पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून दोन वाड्यांत डोकी फुटली होती आणि तेव्हापासून पालखी कुलपातच होती. अशाच एका शिमग्यालाही दोन्हीकडचे मानकरी एकमेकांवर नुसते गुरगुरत होते. तेवढ्यात रत्नागिरीच्या बाजारातून आलेल्या माझ्या आत्याने मासळीची पाटी खाली ठेवली आणि हात जोडले. बाईने देवाला गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांना सांभाळ रे म्हाराजा!" सवयीने सगळे गरजले, "व्हय म्हाराजा!" "दोनी वाड्यांचा खांदा आज एकदम लागू दे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मानकरीसुद्धा ओरडले, आणि मग एकमेकांकडे बघायला लागले. देवासमोर दिलेला होकार माघारी कोण घेणार? थोरला मानकरी हसत किल्ली काढत म्हणाला, "फसवलंस गो बाय!" त्या दिवशी पालखी अशी नाचली की ढोलवाले दमले, खांदे दमले नाहीत. यंदा गाऱ्हाणं मी घातलं. कुणाची तरी नवी सून कुजबुजली, "बाईमाणूस गाऱ्हाणं घालतं?" तर त्याच मानकऱ्याचा मुलगा छाती काढून म्हणाला, "आमच्यात पहिल्यापासून तीच रीत हाय."