डाव्या हाताचा ब्रिज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी सांगत असताना कुणी दात काढले की मला राग येतो. आणि राग आला की माझं काय होतं, तोच तर किस्सा आहे.

मी मुकुंदवाडीची शिलाईवाली. शाळा चौथीपर्यंत, पण बाही बसवायचा मुंढा कापायचा म्हटलं तर भल्याभल्यांनी माझ्याकडं यावं. माझी लेक प्रज्ञा डावखुरी. डाव्या हातानं लिहिते म्हणून तिला शाळेत बाईंनी पट्टी मारली होती. मी जाऊन असा गोंधळ घातला की त्या बाई मला बघून अजून रस्ता ओलांडतात! तेव्हापासून डाव्याच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

ही प्रज्ञा वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवते. चार जाड तारांची असते, आणि हिची डाव्या हाताची. काय तिचा आवाज! कानाला कमी, अंगालाच जास्त ऐकू येतो. ती आतल्या खोलीत वाजवायला लागली की बाहेर माझ्या मशीनवरच्या डबीतल्या टाचण्या थरथरतात आणि माझा पाय आपोआप हळू होतो. दुपारचं ऊन, लांबून गाडीची शिट्टी, टाचण्यांची ती बारीक थरथर... मी कुठल्या कुठं जाते. निळे दिवे, मधोमध माझी पोरगी, समोर सगळी वस्ती चिडीचूप. गिऱ्हाईक येऊन दोनदा खाकरतं तेव्हा मी जागी होते.

जयंती तोंडावर आली आणि गिटारीचा ब्रिज गेला. ब्रिज म्हणजे खालच्या टोकाला तारा अडकवायची पट्टी. ती गंजली, स्क्रू झिजले, तार खाली बसली आणि वाजवलं की नुसती कुरकुर. पार्टीचे गायक बापूमामा म्हणाले, "प्रज्ञे, जयंतीला ही कुरकुर चालायची नाय. नसंल जमत तर कीबोर्डवरच बेस काढून घेतो."

पोरगी जेवली नाही. मी म्हटलं, ऊठ! आत्ता जाऊ.

जुन्या पट्टीवर कागद ठेवून मी पेन्सिल घासली, भोकांसकट फर्मा कापला आणि आम्ही शहरात सलीमभाईच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. त्यानं दोन ब्रिज काढले. एक हलका, वाकवलेल्या पत्र्याचा. दुसरा पितळी, हातात घेतला तर वरवंट्यासारखा जड. प्रज्ञाचा जीव पितळीवर. वर फर्मा ठेवला, भोकाला भोक जुळलं. झालं ना काम? गपचूप घेऊन घरी यावं ना? पण नाही!

मी विचारलं, "हा डाव्या हाताचा हाय का?"

"खाला, इसमें लेफ्ट-राइट नै होता. दोनों को चलता."

"अगं आई, खरंच..." प्रज्ञा म्हणाली.

"तू गप. का हो सलीमभाई, डावी बाही उजव्या मुंढ्याला बसती का?"

"नै बैठती शायद."

"शायद? गिटार डावी, वाजवणारी डावी, मग ब्रिज उजवा कसा? जगातलं समदं उजव्यांनी घ्यायचं, आन् माझ्या पोरीनं उरलंसुरलं उचलायचं व्हय?"

तबला बघायला आलेली माणसं तबला सोडून मला बघायला लागली. मग तर मला लईच चेव आला. म्हटलं, इथं मशीन आणून मांडीन, पण डावा घेतल्याशिवाय उठायची नाही!

सलीमभाईनं घाम पुसला, ब्रिज उचलला आणि आत गेला. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग दुसराच डबा घेऊन बाहेर आला.

"लो खाला. लेफ्टवाला. अंदर रखा था."

"बघा! आधीच काढायला काय झालतं?"

प्रज्ञाला तेवढ्यात जोराचा खोकला आला. मला वाटलं, दुकानातली धूळ.

घरी बसवला, आणि तार अशी स्वच्छ बोलायला लागली म्हणून सांगू! गल्लीत भेटेल त्याला मी सांगत सुटले, "उजवा गळ्यात मारत होता, मी डावा काढायला लावला!" आणि त्याच तारेत प्रज्ञाचा स्टेजवरचा निळा कुर्ता पुरा करायला बसले. बाह्या तेवढ्या जोडायच्या राहिल्या होत्या. आत बेस घुमत होता, टाचण्या थरथरत होत्या. निळं कापड सुईखालून पाण्यासारखं सरकत होतं, आणि मी पुन्हा निघाले की त्या स्टेजपुढं...

जयंतीच्या संध्याकाळी प्रज्ञा उभी राहिली तर हुबेहूब माझं स्वप्न! तेच निळे दिवे. बेस जमिनीतून निघाला आणि पायातून वर चढला. कुरकुर औषधालाही नाही. माझे डोळे भरून आले.

पण पोरगी अशी आखडून का उभी? खांदे वर, जशी कुणी मागून गचांडी धरलीय! हात हलवला की अख्खा कुर्ता वर चढतोय. दुसऱ्या गाण्याला तिनं उजवा हात गिटारीच्या पार टोकाला लांबवला आणि टर्रर्र! बाही मुंढ्यापासून सुटून कोपरावर लोंबायला लागली.

थांबली नाही हां माझी वाघीण! उलट मोकळी झाली आणि असली वाजवली, असली वाजवली की बापूमामा गाता गाता मागं वळून बघायला लागले.

कार्यक्रम संपल्यावर ती खाली आली. मी ती बाही हातात धरून उलटीपालटी करून बघितली आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. बाहीची गोलाई पुढून जास्त खोल कापतात, ती खोल बाजू मागं! डावी बाही उजव्या मुंढ्याला! मी! जिनं भर दुकानात त्या माणसाला बाही शिकवली, ती मी!

आणि तो माणूस नेमका मागंच उभा. सलीमभाई गाणी ऐकायला आलता. त्यानं बाहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अगदी अदबीनं म्हणाला,

"फिकर नको, खाला. बाही अंदर लेके जाओ, थोडी खुडबुड करो, दूसरे डब्बे में डालके बाहर लाओ. लेफ्टवाली हो जाती."

प्रज्ञाला परत तोच खोकला आला. आणि तिथं तर धूळही नव्हती हो!