तन्वीची पाच दिवसांची सुट्टी

आम्ही निघालो त्या दिवशी पावसाळ्यासाठी होड्या वाळूवर ओढून, माडाच्या झापांनी झाकून झाल्या होत्या. त्यामुळे सगळे पुरुष घरी, आणि आम्हाला जाताना बघायला अख्खा कोळीवाडा हजर. काशीदच्या अलीकडे, सुरूच्या झाडांमागे आमची पन्नासेक घरं आहेत. माझ्या नवऱ्याच्या, राकेशच्या, दोन्ही खांद्यांवर बॅगा होत्या. माझ्या एका हाताला पावणेसहा वर्षांची तन्वी आणि दुसऱ्या हातात थर्मासची पिशवी, तिच्यात तिचं इन्सुलिन. माझी आये रडत होती. बाबा यष्टीच्या थांब्यापर्यंत आला. गाडी दिसली तेव्हा एवढंच म्हणाला, "सुट्टी लागली का पयली गाडी पकडायची. ऐकलंस ना, हर्षू?"

वाड्यात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना वाटतं, आम्ही उरणला पगारासाठी गेलो. कंटेनर यार्डात राकेशला नोकरी लागली हे खरं, पण ती आम्ही शोधली म्हणून लागली. मी पळाले ती भीतीने. आणि एखादं आजारी पोर कडेवर घेऊन माझ्यासारखं ज्यांनी गाव सोडलं असेल, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी तन्वी सारखी पाणी प्यायची. रात्रंदिवस पाणी आणि मोरी. महिनाभरात पोर हाडकुळी झाली. अलिबागला डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, साखर. टाइप वन. गोळ्या चालणार नाहीत, दिवसातून चार सुया, आणि जन्मभर. वाड्यात ज्याला-त्याला सांगताना मी थकले. "एवढीशी पोर, तिला म्हाताऱ्यांचा रोग कसा झाला?" जो तो विचारायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, जणू मी तिला रोज गूळ चारत होते. पण माणसांच्या बोलण्याची भीती नव्हती मला. भीती अलिबागच्या रस्त्याची होती. पोरगी बेशुद्ध पडली तर पोचायला किती वेळ लागेल, याचा हिशोब मी चुलीपाशी बसून करायचे, आणि भाकरी जळायची.

उरणला दोन खोल्या मिळाल्या. खाली रस्त्यावर ट्रेलरची रांग, पण दवाखाना दहा मिनिटांवर. शाळेत पहिल्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. बाई चांगल्या, पण त्यांचाही चेहरा उतरला. "हिला वर्गात काही झालं तर?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी बाहेरच बसते." आणि खरंच बसले. पहिलीचं जवळजवळ अर्धं वर्ष मी शाळेच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीशेजारी काढलं. शिपाईमामा मला "दुसऱ्या शिपाईबाई" म्हणायचे. तन्वीच्या फ्रॉकच्या खिशात ग्लुकोजची पुडी असायची. साखर फार उतरून हात कापायला लागले, घाम फुटला की ती खायची, मग कोणाला विचारायचं नाही, हे मी तिला पाढ्यांच्या आधी शिकवलं.

अशी वर्षभर जपलेली पोर मी पहिल्या मे महिन्याच्या सुट्टीत गावी घेऊन गेले. जायच्या आधी यादी केली होती, पानभर. सुया, पट्ट्या, मीटर, इन्सुलिन भरलेली दोन पेनं जास्तीची. राकेश हसला, "परदेशी चालल्यासारखी बॅग भरतेयस." तो शिफ्टमुळे येणार नव्हता. मला मात्र वाटलं होतं, घरीच तर चाललेय.

माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. हळदीच्या आदल्या दिवशी वाड्यातली लाईट गेली. मेमध्ये लाईट गेली म्हणजे फ्रीज हे नुसतं कपाट. मी हळदीच्या घरी पुरण वाटायला बसले होते. दुपारी घरी आले तर बाबा ओसरीवर मोठ्या खुशीत बसलेला. म्हणाला, "तुझ्या पोरीचं औषद मी बर्फात ठेवलंय. चिंता करू नको. आठ दिवस लाईट न्हाय आली तरी नासनार न्हाय."

बाबाने जन्मभर मासळी सांभाळली. सरंगा चार दिवसांनीही डोळे चमकवत बाजारात गेला पाहिजे, तर बर्फ बारीक फोडायचा, थर द्यायचा, वर खडे मीठ मारायचं, म्हणजे गारवा कडक धरतो. त्याने पेनं तशीच ठेवली होती. स्वच्छ खोका, प्लास्टिकची पिशवी, तिला दोन गाठी, वर-खाली बर्फ आणि वर मूठभर मीठ. इतकं नीट काम पाहून मला भरून आलं. मी त्याला शाबासकी दिली. संध्याकाळची सुई देताना पेन दगडासारखं गार लागलं, म्हणून दोन्ही तळहातांत धरून ऊब दिली. आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

फ्रीझरमध्ये ठेवू नका, असं डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं. ते मला पाठ होतं. पण माझ्या लेखी फ्रीझर म्हणजे फ्रीजचा वरचा कप्पा. बर्फाचा खोका तर आमच्या घरातलाच, मी त्यावर बसून अभ्यास केलेला. त्या खोक्याचा मला संशय आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवर दोनशे ऐंशी. मी डोस वाढवला. दुपारी तीनशे चाळीस. मला वाटलं, हळदीच्या घरी कोणीतरी लाडू दिला. विचारलं तर तन्वी नाही म्हणाली. परत विचारलं, परत नाही. माझं डोकं फिरलं. पाहुण्यांच्या देखत मी तिच्या थोबाडीत मारली. "खोटं बोलतेस? मरायचंय का तुला?" असं ओरडले. ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "पाणी दे."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. मीटर आकडाच दाखवेना, इतकी साखर वर गेली होती. तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता आणि ती धावून आल्यासारखा श्वास घेत होती, पडल्या जागी. मासळीचा टेम्पो उभा होता, बाबाने त्यातले खोके रस्त्यावर भिरकावले आणि आम्हाला मागे बसवलं. रेवदंड्याच्या पुलावर ती डोळे उघडेना. बाबा तिच्या तळपायांना चोळत होता आणि तिला नावाने हाका मारत होता. त्या हाका मला अजून ऐकू येतात, भर दुपारी, भांडी घासतानासुद्धा.

अलिबागला डॉक्टरांनी सलाईन लावलं, नवीन इन्सुलिन सुरू केलं, आणि मग विचारलं, "घरचं इन्सुलिन कुठे ठेवलं होतं?"

मी म्हटलं, "बर्फात, वर मीठ मारून."

ते म्हणाले, "ते गोठलं. एकदा गोठलं की त्यातली ताकद गेली. दिसायला तसंच दिसतं. दोन दिवस तुम्ही तिला नुसतं पाणी टोचत होतात."

बाबा माझ्या मागे उभा होता. मी वळून पाहिलं नाही, माझी हिंमतच झाली नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर तो तिथे नव्हता. बाहेर पायरीवर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

तन्वी वाचली. पाच दिवसांनी मी तिला तिथूनच उरणला नेलं, गावी परतलेच नाही. बाबाला मी एका शब्दाने बोलले नाही, आणि इथेच माझं चुकलं. त्याच्याशी भांडले असते, "असं कसं केलंस?" म्हणून रडले असते, तर तोही बोलला असता. मी गप्प राहिले आणि तोही गप्प झाला.

त्यानंतरची साडेचार वर्षं आमच्या सुट्ट्या अशा ठरल्या. गणपतीच्या आधी फोन केला तर बाबा म्हणायचा, "पाऊस लय हाय, रस्त्याचं काय खरं न्हाय." दिवाळीला, "लाईटीचं काय सांगता येत न्हाय." मेमध्ये, "हिरीचं पानी आटलंय, पोरीचे हाल व्हतील." पहिली गाडी पकड म्हणणारा माणूस एकेका सुट्टीला एकेक कारण द्यायचा. मी वरवर हळहळायचे आणि फोन ठेवल्यावर सुटकेचा श्वास टाकायचे. खरं सांगते, त्या कारणांची मी वाटच बघायचे. आये-बाबा वर्षातून एकदा रेवसहून लाँचने करंजाला उतरून आमच्याकडे यायचे. बाबा तन्वीला लांबून बघायचा. ती जवळ आली की आईकडे जा म्हणायचा.

मला वाटलं, हे आम्हा दोघांतच चाललंय. यंदा सहामाही परीक्षा संपली, वर्गातल्या मुली कोण कुठे जाणार ते सांगत होत्या. तन्वी आता अकरा वर्षांची, सहावीत आहे. सुया स्वतःच्या स्वतः घेते, पोळीभाताचा हिशोब माझ्यापेक्षा पटकन करते. भाजी निवडताना खाली मान घालून तिने विचारलं, "आई, आजोबा अजून रागावलेत का माझ्यावर?"

"कशाबद्दल गं?"

"लाडवाबद्दल. पण मी खरंच खाल्ला नव्हता."

साडेचार वर्षं ती हे घेऊन बसली होती. मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. बर्फाचं नाव काढलं असतं तर आजोबांवर बोट गेलं असतं, म्हणून गप्प राहिले, आणि बोट तिच्यावरच राहिलं. मी तिथेच भाजी बाजूला सारून तिला सगळं सांगितलं, आणि त्या थपडेची माफी मागितली. मग बाबाला फोन लावला आणि तिचा प्रश्न त्याला जसाच्या तसा सांगितला. तो म्हणाला, "मी येतो."

दुसऱ्याच दिवशी दुपारी दारात हजर. चहा घेतला नाही. खाली मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मला शिकव." मीटर कसा लावायचा, सुई कुठे, किती कमी म्हणजे धोका, किती जास्त म्हणजे धोका. रक्त काढायची सुई त्याने सराव म्हणून आधी स्वतःच्या बोटावर मारली. रक्त येईना. दोरखंड ओढून ओढून बोटं अशी राठ झालेली की सुई आत जाईना. तीन बोटं झाली. तन्वीला हसू आवरेना. "आजोबा, करंगळी करा, करंगळी!" करंगळीतून एक थेंब आला तेव्हा त्याने तिच्याकडे मान वर करून पाहिलं, आणि तिला जवळ घेतलं.

मी मोठ्या अक्षरांत कागद लिहून दिला. सत्तरच्या खाली गेली तर आधी ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, मग मला फोन. बुधवारी तो तिला घेऊन गेला. पाच दिवसांसाठी, रविवारी परत. औषध फ्रीजच्या दारात ठेवतो आणि बर्फाच्या खोक्याच्या दिशेने तिला फिरकू देत नाही, असं आये सांगते.

आज शुक्रवार. हे सगळं मी सकाळपासून लिहितेय, कारण दुसरं काही करायला घेतलं तर हातातून पडतंय. दिवसातून चार वेळा फोन येतो. बाबा आकडा सांगतो, मी डोस सांगते, आणि मग दोघंही फोन ठेवत नाही, नुसते थांबतो. दुपारचा फोन साडेबाराला यायचा. आज एक वाजला, आला नाही. मी लावला, कोणी उचलेना. परत लावला. पुलावरचा तो टेम्पो डोळ्यांपुढे आला. राकेशला शिफ्टवर फोन करून मी काय बोलले ते आठवत नाही. चपला घातल्या, कुलूप शोधायला लागले आणि फोन वाजला.

"आता शंभराला चार कमी हाय," बाबा म्हणाला. "आधी अठ्ठावन्न झालेली. वाळूवर खेलत व्हती, घाम फुटला, गप बसली. मी आधी साखर दिली. मग थांबलो. तू फोन करत व्हतीस ते ऐकू येत व्हतं. पन तू लिवलंयस ना, आधी साखर, फोन मागनं. म्हनून न्हाय उचलला. हर्षू, माझं हात अजून कापतायत गं."

"माझेपण," मी म्हटलं.

मागे तन्वी आयेकडे जेवायला मागत होती, मोठ्या आवाजात, भूक लागली म्हणून भांडत. मी पायरीवर बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, घर म्हणजे जिथे आपल्याला भीती वाटत नाही ती जागा. तशी जागा मला आता कुठेच मिळायची नाही, उरणला नाही आणि गावीही नाही. पण माझ्याइतकंच घाबरून, कापत्या हाताने, कागदावर लिहिलंय तसंच करणारा एक माणूस गावी आहे.

बाबाने विचारलं, "आजच्याच गाडीनं आनून सोडू का तिला?"

माझ्या पायात चपला होत्या. तोंडावर हो आलं होतं.

"नको," मी म्हटलं. "रविवारी ठरलंय ना. रविवारीच आण."