सबनीसांचा हात

पानिपतावर मराठे हरले असं तुम्ही शाळेत शिकला असाल. बरोबरच आहे ते. पण जयपुरात, आमच्या जेवणाच्या टेबलावर, मराठे अख्खा एक हिवाळा जिंकत होते — आणि का जिंकत होते, ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. ह्यांना कधी कळलं नाही. मुलांना सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतेय. का? खरंच माहीत नाही. तुम्ही निवांत बसला आहात, मीही बसले आहे — तेवढं पुरे.

पण एकदम मुद्द्यावर येणार नाही हं मी. आधी तो सगळा पसारा सांगू दे. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दुपारी त्या पसाऱ्यात गेल्या. त्या वगळून नुसतं पाप तेवढं सांगितलं, तर तेही अर्धं खोटंच होईल.

हे हाडांचे डॉक्टर. लग्न होऊन मी पुण्याहून थेट जयपुरात आले, तेव्हा भाजीवालीशीसुद्धा खुणांनी बोलत असे. तिलक नगरात आमचं घर नवं होतं, आजूबाजूला मोकळी वाळू, आणि गच्चीवरून मोतीडुंगरीची टेकडी दिसायची. सबनीस भाऊजी विमा कचेरीत अधिकारी होते. मूळ साताऱ्याचे, बदलीवर आलेले, एकटा जीव. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांची नि ह्यांची गाठ पडली, पानिपतावरून वाद जुंपला, आणि तो मिटवायला दोघांनी चक्क लढाई पुन्हा लढायचं ठरवलं. शिशाच्या शिपायांनी. एक डॉक्टर, एक अधिकारी — आणि दिवाळीच्या किल्ल्यासाठी हट्ट करणारी पोरं बरी, असं म्हणायची वेळ माझ्यावर आली.

महिनाभरात माझीही बुद्धी फिरली, ती गोष्ट वेगळी.

शिपाई बोटाच्या दोन पेरांएवढे. हाडं बसवायचं प्लॅस्टर ह्यांच्या हातातलं, त्यामुळे साचे त्यांनी केले. भंगारातले शिशाचे नळ शेगडीवर माझ्या जुन्या पळीत वितळायचे. ती पळी पुन्हा कधी आमटीत गेली नाही, एवढी अक्कल आम्हाला होती. साचा उघडला की आतून चकचकीत शिपाई निघायचा, आणि आम्ही तिघंही त्याला बघायला असे वाकायचो की डोकी आपटायची.

रंगवणं मात्र सबनीसांचं. चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, बारीक चित्रं काढणारे कारागीर खारीच्या केसांचे ब्रश वापरतात, ते त्यांनी शोधून आणले होते. सगळ्यात लहान ब्रशच्या टोकाला जेमतेम एक केस. शिंपल्यात रंग कालवायचे, शिपाई डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा, उजवं मनगट टेबलाला टेकवायचं. आधी पगडी, मग अंगरखा, आणि सगळ्यात शेवटी डोळे. पांढरा ठिपका, तो वाळला की त्यावर काळा. तो काळा ठिपका देताना ते श्वास रोखत, आणि त्यांच्याबरोबर मीही. हात कसा, तर देवापुढची समई वारा नसताना असते तसा. मग शिपाई एकदम आपल्याकडे बघायला लागायचा. किती वेळा पाहिलं असेल मी ते — पण दर वेळी हसू यायचंच.

"डोळा चुकला ना वहिनी, की शूर माणूससुद्धा बावळट दिसतो," ते म्हणायचे.

आणि माझं काम? बैठका. प्रत्येक शिपायाला उभं राहायला पायाखाली पुठ्ठ्याचा चौकोन लागतो. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापायचे, शिपाई चिकटवायचा, भोवती डिंक लावून रव्याच्या चाळणीतून चाळलेली वाळू भुरभुरायची. भुशाला हिरवा रंग देऊन चिमूटभर गवत. गवत जास्त झालं की सबनीस हसायचे, "वहिनी, हे पानिपत आहे, महाबळेश्वर नाही." बैठक नीट बसली की शिपाई कुठेतरी उभा आहे असं वाटतं, नाहीतर नुसता टेबलावर ठेवलेला दिसतो. ते काम मला मनापासून आवडायचं. सगळं माझ्याच हातात होतं. इथून पुढचं तुमच्या लक्षात येत असेल, नाही का?

खेळाचे नियम साधे. ठठेऱ्याकडून, म्हणजे तिथल्या तांबटाकडून, घडवून घेतलेल्या दोन पितळी तोफा, आत स्प्रिंग, गोळा म्हणून माझ्या डब्यातला हरभरा. नेम धरून हरभरा उडवायचा. शिपाई आडवा झाला तर मेला, उभा राहिला तर जिवंत. आणि एक नियम दोघांनी फार अभिमानानं केलेला — दुसऱ्याच्या फौजेला हात लावायचा नाही. पडलेला शिपाईसुद्धा ज्याचा त्यानंच उचलायचा.

अब्दाली व्हायला कोण तयार होणार? सबनीस झाले. कुणीतरी व्हायलाच हवं, म्हणाले. आणि मग दर रविवारी जमिनीवर गुडघे टेकून, हनुवटी टेबलाला लावून, एक डोळा मिटून हा सातारचा अब्दाली मराठ्यांची दाणादाण उडवायचा. हरभरा सुटला की शिपाई पडलाच. ह्यांचे हरभरे मात्र फडताळाखाली, पाण्याच्या माठात, एकदा तर माझ्या अंबाड्यात.

हरले की हे जेवताना बोलायचे नाहीत. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. आमटीत मीठ विसरलं तरी कळायचं नाही त्यांना, इतके पानिपतात बुडालेले. मला हसूही यायचं आणि राग तर असा यायचा —

हं. सांगते आता.

मी मराठ्यांच्या बैठकांमध्ये शिसं भरलं.

उरलेल्या शिशाचे तुकडे बत्त्यानं ठेचून पातळ चकत्या केल्या. पुठ्ठ्याचे दोन थर, मध्ये चकती, वरून डिंक, वाळू, चिमूटभर गवत. जुने पुठ्ठे वाकलेत, नवे करते, असं सांगितलं. दोन्ही फौजांच्या बैठका बदलल्या, म्हणजे संशय नको. शिसं फक्त मराठ्यांच्या पायाखाली. किती विचार करून केलं होतं बघा. रागाच्या भरात झालं म्हणावं, तर चकत्या ठेचायला अख्खी दुपार लागली होती. आणि त्या दुपारी मी गाणं गुणगुणत होते.

त्या रविवारी सबनीसांनी नेम धरला, हरभरा सुटला, पगडीवर टण्णकन बसला — आणि मराठा डुलला, डुलला आणि उभाच राहिला. दुसराही. तिसराही. हे तर टाळ्या पिटायला लागले. संध्याकाळपर्यंत अब्दाली पळाला. ह्यांनी धावत जाऊन कलाकंद आणला, गल्लीत वाटला. शेजारचे माथुरसाहेब कलाकंद तोंडात टाकून म्हणाले, "पर भाभीजी, पानीपत में तो मराठे हारे थे ना?"

मी म्हटलं, "इस बार नहीं."

काय आनंद झाला होता मला! अजून होतो, काय करू? घरात हसणं-खिदळणं, हे अंघोळ करताना पोवाडे म्हणताहेत, सोमवारी आमटीचं कौतुक. पानिपत मी जिंकलं होतं, स्वयंपाकघरातल्या बत्त्यानं. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारीही. शिसं काढून टाकता आलं असतं. पण मला त्याची चटक लागली होती.

सबनीस हरल्यावर रुसायचे नाहीत. ह्यांचा हात हातात घेऊन मनापासून शाबासकी द्यायचे. फक्त एका रविवारी ते नवा चष्मा लावून आले. म्हणाले, नेम बसतोय असं वाटतं पण कुठेतरी ओझरता लागतो, डोळे तपासून घेतले. चष्म्यानंही मराठे पडेनात. मग म्हणाले, डोळे नसतील, हातच असेल.

ह्यांनी लगेच डॉक्टरकी केली. भाऊजींना दोन्ही हात समोर धरायला लावले आणि बोटांवर कागद ठेवला. हात थरथरत असेल तर कागदाची कड हलते. मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी. कागद हलला नाही. जरासुद्धा नाही, मी बघत होते. पण हे जिंकायच्या भरात होते. हसत म्हणाले, "वय झालं, सबनीस!"

थट्टाच होती ती. सबनीस आपल्या हातांकडे बघत राहिले.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि तिघं पोट धरून हसलो असतो — सबनीस तर सगळ्यांत जास्त. मला ठाऊक होतं ते. तरी मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "पोहे गार होताहेत."

त्यानंतर त्यांनी डोळे रंगवणं सोडलं. शिपाई बावळट होतील, म्हणाले. मला शिकवायला लागले. शेजारी खुर्ची ओढून बसायचे, शिंपल्यात काळा रंग कालवून द्यायचे, आणि मी ठिपका दिला की म्हणायचे, "बघतोय वहिनी, बघतोय हा आपल्याकडे!" स्वतःच्या शिपायापेक्षा जास्त आनंद व्हायचा त्यांना. आणि मला व्हायचा तो काय सांगू — एवढुसा ठिपका, आणि शिशाचा तुकडा जिवंत! त्या आनंदात मी त्यांच्या हातांकडे बघायचंच टाळायचे. चहाचा कप ते आता दोन्ही हातांनी धरायला लागले होते.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. निघायच्या दिवशी जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून ब्रशांची लाकडी डबी काढून माझ्यापुढे धरली.

"तुमचा हात स्थिर आहे," ते म्हणाले. "तुम्हीच ठेवा."

डबीतले ब्रश एकमेकांवर आपटून बारीक आवाज करत होते. हात थरथरत होता. या वेळी खरंच.

मी डबी घेतली. थँक यू म्हटलं.

पुढे कित्येक वर्षं त्या ब्रशांनी मी शिपाई रंगवले. हत्ती रंगवले, तोफा ओढणारे बैल रंगवले, ह्यांच्या हट्टापायी पेशव्यांच्या अख्ख्या फौजेचं दळण दळणाऱ्या बायकासुद्धा. एकेक डोळा देताना श्वास रोखायचे आणि सुटला की हसायचे. हे गेले ते आपण पानिपत जिंकलं या समाधानात. सबनीसांचं दर दिवाळीला कार्ड यायचं. खाली वाकड्या अक्षरात एकच ओळ असायची, वहिनी, रंगवता ना? मी उलट टपाली लिहायचे, हो भाऊजी, रंगवते. आणि ते खरंच असायचं.

मग एका दिवाळीला कार्ड आलं नाही.

मराठ्यांची फौज अजून माझ्या कपाटात आहे. परवा एक मराठा हातातून फरशीवर पडला, तर पडून परत उभा राहिला. सबनीसांचा नेम एकदाही चुकला नव्हता. प्रत्येक हरभरा लागला होता.