गुरुजी मंडळाचा फोरम करू पाहणारे भोईर सर

दुपारच्या शाळेची प्रार्थना चालू होती. शिपाई हळूच येऊन कानाशी म्हणाला, घणसोलीचे भोईर सर गेले. खरं तर डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलंही, पण नंतर. आधी आली ती चीड. अहो, संघटनेचं नाव बदलायचं काम असं अर्धवट टाकून हा माणूस जातोच कसा? आता काही आठवडे उलटले, तरी ती चीड पुरती उतरलेली नाही.

आमच्या संघटनेचं नाव ‘खाडीकाठ गुरुजी मंडळ’. भोईर सर अध्यक्ष आणि मी चिटणीस, म्हणजे त्यांचा बिनपगारी हमाल. इथे नुसती भातशेती आणि मिठागरं होती तेव्हा गावोगावच्या शिक्षकांनी हे मंडळ काढलं. मग इमारती आल्या, इमारतींच्या पोटात इंग्रजी शाळा आल्या आणि तिथले शिक्षक आमची पाटी बघून गालात हसायला लागले. वाशीच्या देशमुख मॅडम तर तोंडावर म्हणाल्या, “सर, मी साडी नेसते. मला गुरुजी म्हणून पावती नका फाडू.” नव्या मंडळींना ‘न्यू टाउन टीचर्स फोरम’ हवं होतं, नाही तर वेगळी संघटना काढायला ते तयारच होते. जुने म्हणत, नाव गेलं की आम्हीही गेलो. आणि सरांना दोघेही हवे होते! मी म्हटलं, मतदान घ्या नि मोकळे व्हा. पण सर पडले गावकीत वाढलेले. त्यांच्या गावात देवळाचा रंगसुद्धा शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत ठरत नाही. जो अडतो त्याच्या घरी जायचं, बसायचं, उठायचं, पुन्हा जायचं. मला म्हणाले, “हात मोजलं का हरलेला मानूस उठून जातो. मना कोनी उठून जायला नको हाय.” त्या हो-नाहीच्या बैठकांत इतका चहा झाला, की भरती नसतानाही वाशीची खाडी वर चढली असेल.

बोधचिन्हाचीही तीच तऱ्हा. मॅडमना संगणक हवा, मिठागराकडच्या गुरुजींना मिठाची रास, कुणाला होडी, कुणाला भाताची लोंबी, चित्रकलेच्या शिक्षकांना उगवता सूर्य… आणि सर कुणालाच नाही म्हणेनात. बेलापूरच्या शिक्केवाल्यानं तो सगळा बाजार रुपयाएवढ्या गोलात कोंबला. शिक्का कागदावर मारला, तर उमटलं काय? काळाकुट्ट गोळा, तव्याला लागून करपलेल्या घावनासारखा. शिक्केवाला शांतपणे म्हणाला, अजून एखादं जहाजही बसेल साहेब, फक्त दिसणार नाही. सर मात्र तो डाग उजेडात धरून समाधानानं म्हणाले, “सगलं हाय ना यात? मंग झालं.” मी खाडीत उडीच मारणार होतो; ओहोटी होती, चिखल बघून परतलो.

एवढं करून हळूहळू सगळे वळले. उरले एकटे काझी गुरुजी, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, राहायला पार उलव्याकडे. ते म्हणाले, “खुशाल बदला, मी अडवणार नाही. पण आवडलं असं माझ्याकडून वदवून घेऊ नका. गावात मला काझी गुरुजी म्हणतात. तुमच्या फोरमात मी कोण?” मी म्हटलं, सुटलो, हरकत नाही असं लिहून टाकतो. सरांनी माझं पेन धरलं. हा होकार नव्हे म्हणे! झालं… तिथून पुढे दर रविवारी माझी स्कूटर, मागे सर आणि वाटेत जगातले सगळे खड्डे. गुरुजींकडे तांदळाच्या भाकऱ्या आणि मासळीचा रस्सा. गप्पा पावसाच्या, पिकाच्या, वाया गेलेल्या विद्यार्थ्यांच्या. नावाचा विषय चुकूनही नाही. परतताना मी चिडून विचारायचो, काय ठरलं? “तयार होतायत,” सर म्हणायचे. मी जाड होत गेलो, स्कूटर झिजत गेली. देशमुख मॅडम या दौऱ्यांना सरळ टाइमपास म्हणायच्या, आणि मला ते मनापासून पटायचं.

परवा शोकसभा झाली. सरांची इच्छा आता पुरी करू या, असं कुणीसं म्हणालं. सगळ्यांच्या माना काझी गुरुजींकडे वळल्या. ते उठले. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, “लिहा माझा होकार. भोईरच्या नावानं लिहा.” मी पेनाचं टोपण उघडलंसुद्धा. एवढ्या वर्षांची कटकट एका ओळीत संपणार होती…

तेवढ्यात देशमुख मॅडम उभ्या राहिल्या. “थांबा हं. गुरुजी, असा रडत दिलेला होकार आम्ही धरणार नाही. रविवारी घरी येतो आम्ही.”

मी कपाळावर हात मारला. आता ही दुसरी! काझी गुरुजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग रुमाल घडी करून खिशात ठेवत म्हणाले, “या. पण जेवून येऊ नका.”