आक्काच्या झोपेचा खटला

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, तंबाखूच्या वखारींना लागलेल्या आगी पाहिल्या. त्यांतली कित्येक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. एक मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. त्यात चोर नव्हता, हत्यार नव्हते, रक्ताचा थेंबही नव्हता. एक म्हातारी बाई झोपलेली होती, एवढेच. त्यातल्या माणसांची मुलेबाळे त्याच भागात नांदत आहेत, म्हणून कुणाचे नाव घेत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी निपाणीत फौजदार होतो. सकाळची हजेरी उरकली की अर्जदारांना भेटायचे, असा माझा शिरस्ता होता. अर्ज कधी कानडीत यायचे, कधी मराठीत. बोलणे बहुधा दोन्हींत चालायचे. त्या दिवशी साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या. निवृत्त शिक्षिका. खुर्ची पुढे केली तरी बसेनात.

"साहेब, माझ्या मैत्रिणीला कायतरी करायला लागल्यात," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"वृद्धाश्रमवाले."

त्यांची ही मैत्रीण बाई शिकवत त्याच शाळेत मुख्याध्यापिका होती. चिकोडीकडच्या जैन शेतकरी घराण्यातली, मूलबाळ नसलेली. सगळा गाव तिला आक्का म्हणे. नवरा वारल्यावर तिने स्वतःच्या मर्जीने गावाबाहेरच्या एका खासगी वृद्धाश्रमात खोली घेतली होती. बाई दर बाजारादिवशी तिला भेटायला जात. हल्ली केव्हाही गेले तरी आक्का झोपलेलीच असे. उठवले तर ओळख पटत नसे.

"वय झालं की व्हतंय तसं," माझा हवालदार मधेच म्हणाला.

बाई त्याच्याकडे वळल्या. "वय एका महिन्यात व्हतंय व्हय हो? दसऱ्याला माझं कानडी अजून सुधारलं न्हाय म्हणून भांडत होती. दिवाळीला तिला माझं नाव आठवंना. आन् काल बघतीय तर हात ह्यो असा सुजलेला. विचारलं तर म्हणं, पडली."

इजा झालेली आहे म्हटल्यावर पोलिसाला जायला कारण मिळते. मी जीप काढायला सांगितली.

आश्रम स्वच्छ होता. अंगण झाडलेले, तुळस हिरवीगार, दारात रांगोळी. सकाळचे अकरा वाजून गेले असतील. मला पहिल्यांदा खटकली ती तिथली शांतता. चार म्हातारी माणसे एकत्र आली की कुरबूर ही व्हायचीच. आमटीत मीठ नाही, पंखा कुणी बंद केला, पेपर आधी कुणी घेतला. इथे दहा-बारा माणसे पलंगांवर पडून होती आणि कुणाची काही म्हणजे काही तक्रार नव्हती. मी पोलीस ठाण्यात आयुष्य काढलेला माणूस. इतके समाधान मी कुठे पाहिले नव्हते.

व्यवस्थापक चाळिशीचा, गोड बोलणारा. आधी चहा मागवला. "म्हातारपण हाय साहेब," तो म्हणाला. "झोपत्यात, इसरत्यात, पडत्यात. आमी तरी किती बघायचं?"

आक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. उजव्या मनगटाला हळदीचा लेप आणि वर चिंधी. बाईंनी तिच्या कानाशी वाकून हाक मारली. डोळे किलकिले झाले आणि पुन्हा मिटले. मी पंचनामा केला आणि तिला थेट बेळगावच्या सरकारी दवाखान्यात हलवले. एक्स-रे काढला तेव्हा मनगटाचे हाड मोडलेले निघाले. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंद झाला.

व्यवस्थापकाची चौकशी करणे म्हणजे तेल लावलेला मासा धरण्यासारखे होते. काहीही विचारा, उत्तर एकच: वय. शेवटी मी त्याला बाहेर बसवले आणि तिथे काम करणाऱ्या सेविकेला बोलावले. भेदरलेल्या माणसाला प्रश्नांची सरबत्ती करून उपयोग नसतो. आधी मी तिच्या गावची, तिच्या लेकरांची विचारपूस केली. मग म्हणालो, "रात्री सगळ्यांना तू एकटी कशी सांभाळतीस गं?"

"सांभाळायला काय न्हाई साहेब, सगळी झोपलेली असत्यात," ती म्हणाली आणि थबकली. मग पदर तोंडाला लावून सांगू लागली. "सांजच्याला जेवणाबरोबर समद्यास्नी गोळी द्यायची. मॅनेजरसायबांनी सांगिटलंय. दंगा हुईत न्हाई म्हणं. आक्का सकाळी मोरीकडं जाताना पडली. उठवायला कोण नव्हतं. मी पानी भरायला गेलते."

आश्रमात येणाऱ्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी कबूल केले की झोपेची गोळी त्यांनीच लिहून दिली होती, पण एका रुग्णाला आणि आठवड्यापुरती. पुढे ती कुणाकुणाच्या ताटात गेली, हे त्यांना माहीत नव्हते.

मला वाटले, काम फत्ते झाले. कागद घेऊन मी सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी सगळे वाचले आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिले.

"गोळी दिली हे तुम्ही सिद्ध केलंत. बाई पडली हेही केलंत. गोळीमुळे पडली, हे कोर्टाला कोण सांगणार? तुम्ही?"

मी डायरी उघडली.

"आणि दुसरं. गोळी दिलेल्या म्हाताऱ्या माणसाची काळजी कशी घ्यायला हवी होती, हे कोण सांगणार? तेही तज्ज्ञच. ही दोन मतं आणा. नाहीतर समोरचा वकील एकाच शब्दात खटला संपवील. वय."

मी डॉक्टरांचे उंबरे झिजवू लागलो. एकाने सांगितले, गोळी लिहून देणारा आपल्याच धंद्यातला, त्याला अडचणीत आणणे बरे दिसत नाही. दुसऱ्याने लिहून द्यायची तयारी दाखवली, पण काय, तर 'तशी शक्यता नाकारता येत नाही'. असल्या वाक्यावर सायकलचोरसुद्धा आत जात नाही. शेवटी बेळगावच्या खडेबाजारातल्या एका औषध दुकानदाराने टिळकवाडीतल्या एका वृद्ध डॉक्टरांचा पत्ता दिला. त्यांनी उभे आयुष्य वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले होते.

ते बागेत गुलाबांची छाटणी करत होते. माझे सगळे ऐकून घेतले, कात्री काही थांबली नाही.

"फौजदार, मी तुमचा साक्षीदार होणार नाही," ते म्हणाले. "मी रुग्ण बघीन. मला जर ते म्हातारपण दिसलं, तर कोर्टात तसंच सांगीन. चालेल?"

"चालेल, साहेब," मी म्हणालो. दुसरा इलाज तरी काय होता?

दुसऱ्याच दिवशी ते दवाखान्यात आले. त्यांनी आक्काला तपासले, आधाराने उभे करून पाहिले, डोळ्यांची हालचाल पाहिली, प्रश्न विचारले. ती दोन पावलेही टाकू शकली नाही. मग तिथल्या डॉक्टरांशी सल्लामसलत करून त्यांनी गोळी हळूहळू कमी करायला सांगितली. एकदम तोडली तर अपाय होतो म्हणाले. दर दोन-तीन दिवसांनी ते स्वतः येऊन पाहून जात. बाई बेळगावातच खासबागेत नातलगांकडे उतरल्या होत्या, त्या दिवसभर उशाशी बसून असत.

मधले दिवस मला कठीण गेले. आक्का जागी झालीच नाही, तर प्रकरण तिथेच मिटणार होते.

एका सकाळी मी गेलो तेव्हा डॉक्टर पलंगाशी उभे होते आणि आक्का उशीला टेकून बसली होती. तिने डॉक्टरांना न्याहाळून कानडीत विचारले, "नीवु यारु?" तुम्ही कोण?

"मी डॉक्टर. आज वार कोणता, सांगता येईल?"

"वार सांगीन की. आदी माझा चष्मा कुठं हाय ते सांगा. कुणी काढून घेटला?" मग तिचे लक्ष बाईंकडे गेले. "आन् तू गं? एवढी का वाळलीस? जेवतीस का न्हाईस?"

बाई खिडकीकडे जाऊन उभ्या राहिल्या. आम्हीही मग थोडा वेळ दुसरीकडेच पाहिले.

खटला उभा राहिला तेव्हा कोर्टात गर्दी होती. बचावाचे वकील नावाजलेले. त्यांनी डॉक्टरांची उलटतपासणी अगदी अदबीने सुरू केली.

"म्हातारी माणसं पडतात, डॉक्टर?"

"पडतात."

"गोळी न घेताही?"

"हो."

"मग ही बाई गोळीमुळेच पडली, असं तुम्ही शपथेवर खात्रीनं सांगू शकत नाही?"

"नाही. तशी खात्री कुणालाच देता येणार नाही. ती पडली तेव्हा मी तिथे नव्हतो."

आमच्या सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. बचावाचे वकील हसत खाली बसायला निघाले.

डॉक्टर न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, मला जे माहीत आहे तेवढं सांगतो. ही बाई मी गोळीच्या अमलाखाली तपासली. तिला आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं. गोळी उतरल्यावर तीच बाई दवाखान्याचा सगळा वॉर्ड काठीशिवाय चालली. वय दोन्ही वेळेला तेच होतं."

न्यायाधीशांनी तेवढे टिपून घेतले.

"आणि काळजीचं?" न्यायाधीशांनी विचारले.

"अशी गोळी वृद्धाला दिली, तर उठताबसता हात धरायला माणूस लागतं. हे परिचारिकेला पहिल्या वर्षी शिकवतात. इथं गोळी दिली, ती माणूस ठेवावं लागू नये म्हणून."

त्यानंतर आक्काची साक्ष झाली. वकिलांनी तिच्या स्मरणशक्तीवर बोट ठेवताच ती म्हणाली, "वकीलसाहेब, तुमी मला हाच प्रश्न आत्ताच इचारलासा. माझं उत्तर ध्यानात ऱ्हायलं न्हाय का तुमच्या?" न्यायाधीशांनाही हसू आवरेना.

व्यवस्थापकाला शिक्षा झाली. फार मोठी नव्हे. कायद्यात त्या गुन्ह्याला मोठी शिक्षाच नाही. आश्रमाच्या विश्वस्तांनी त्याला काढून दुसरी माणसे नेमली. आम्हाला वाटले होते, आक्का आता बाईंकडे राहायला जाईल. ती परत त्याच आश्रमात गेली. "खोली माझी हाय," म्हणाली. "जायाचं त्येनं. मी कशापायी जाऊ?"

कोर्टाबाहेर मी डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, सरळ 'सांगू शकतो' म्हणाला असतात तर आमचा जीव टांगणीला लागला नसता."

"आणि पुढच्याच प्रश्नाला मी उघडा पडलो असतो," ते म्हणाले. "माहीत नाही ते माहीत नाही म्हणावं, फौजदार. मग माहीत आहे ते लोक ऐकतात."

ही शिकवण मला नोकरीभर पुरली. पुढे डॉक्टर असो, हस्ताक्षरतज्ज्ञ असो की पडलेल्या पुलाची तपासणी करणारा अभियंता, मी प्रत्येकाला आधी विचारत असे, "यातलं काय तुम्हाला सांगता येणार नाही?" काही जण रागावत. जे शांतपणे उत्तर देत, त्यांच्या साक्षी टिकत.

माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी निपाणीच्या बसस्थानकावर बाई भेटल्या. आक्का गेली होती. मी हळहळलो, पण बाईंचा चेहरा शांत होता.

"शेवटपर्यंत शुद्धीवर होती," त्या म्हणाल्या. "माझा हात धरला आणि म्हणाली, आता घरी जा गं, तुझी बस चुकंल."

त्या खटल्यात आम्ही मोडलेले एक मनगट सिद्ध केले. आक्काला परत मिळाले ते त्याहून पुष्कळ मोठे होते. त्याला कलम नव्हते, म्हणून दोषारोपपत्रात ते कुठे लिहिता आले नाही.